स्वाक्षरी असलेली एक प्रथमावृत्ती : नाविकांच्या बंडावरील ग्रंथाच्या जतन-नोंदी

१६ जानेवारी २०२५

चोपडा तालुक्यातील एका दिवंगत शिक्षकांचा ग्रंथसंग्रह त्यांच्या कन्येने आमच्या वाचनालयास भेट दिला असून त्याची छाननी आज सुरू केली. बहुतेक पुस्तके मराठी आहेत आणि त्यांची दाखल नोंदवहीत नेहमीच्या पद्धतीने नोंद होईल. मात्र खाकी कागदाचे वेष्टण घातलेले एक इंग्रजी पुस्तक मी बाजूला काढून ठेवले आहे. ते बी. सी. दत्त यांचे ‘म्यूटिनी ऑफ द इनोसंट्स’ असून मुंबईच्या सिंधू पब्लिकेशन्सने ते १९७१ साली प्रसिद्ध केले. आरंभीच्या कोऱ्या पानावर शाईने केलेली स्वाक्षरी आहे.

फेब्रुवारी १९४६ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीतील नाविकांनी केलेल्या बंडाविषयी पुढे इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले. हे पुस्तक मात्र ज्यांनी त्या बंडाची पूर्वतयारी केली त्यांच्यापैकी एकाने, पंचवीस वर्षांनी, स्वतः लिहिले आहे. बलाईचंद दत्त हे कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण तळावर टेलिग्राफिस्ट होते. अशा पुस्तकाची लेखकाची स्वाक्षरी असलेली प्रत तापीकाठच्या एका तालुक्याच्या वाचनालयात यावी, ही आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, आणि म्हणून तिचे काम इतर पुस्तकांपासून वेगळे धरून त्याच्या स्वतंत्र नोंदी ठेवाव्यात असे मी कार्यवाहांना सुचवले. त्यांनी ते लगेच मान्य केले. आवृत्तीची व स्वाक्षरीची खात्री झाल्याखेरीज पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का उमटवायचा नाही, आणि स्वाक्षरीच्या पानावर तर तो कधीच उमटवायचा नाही, असेही ठरले.

२१ जानेवारी २०२५

आज फक्त आवृत्तीचा प्रश्न हाती घेतला. शीर्षकपृष्ठावर प्रकाशकाचे नाव व वर्ष आहे, आणि त्याच्या मागील बाजूस पुनर्मुद्रणाचा किंवा दुसऱ्या आवृत्तीचा कोणताही उल्लेख नाही. तेवढ्यावर समाधान मानणे मला योग्य वाटत नाही, कारण त्या काळातील आपल्याकडचे अनेक प्रकाशक पहिल्या आवृत्तीवर तसे छापत नसत आणि काही जण पुन्हा छापलेल्या पुस्तकावरही जुनेच वर्ष ठेवत. म्हणून मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींशी वर्ष व प्रकाशक ताडून पाहिले, ते जुळतात. त्यानंतर पुस्तकाच्या शिवणीकडे वळलो. प्रत्येक फर्म्याची, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या जुडीची, शिवण अखंड आहे, मधले एकही पान सुटे किंवा मागाहून चिकटवलेले नाही, आणि पृष्ठक्रम सलग आहे.

स्वाक्षरीचे कोरे पानही मूळचेच आहे. पुठ्ठ्याच्या आतील बाजूस चिकटवलेला कागद आणि हे पान हा एकच घडी घातलेला ताव असून दोन्हीकडे कागदाची जात, पिवळेपणा आणि डागांची ठेवण सारखी आहे. दुसऱ्या एखाद्या पुस्तकातील स्वाक्षरीचे पान कापून येथे बसवले असते तर घडीपाशी ते उघड दिसले असते.

२५ जानेवारी २०२५

दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून स्वाक्षरी तपासली. छापील स्वाक्षरी असती तर रेषेच्या कडा एकसारख्या दिसल्या असत्या किंवा ठिपक्यांची जाळी दिसली असती. येथे शाई कागदाच्या तंतूंमध्ये किंचित पसरलेली आहे, जेथे हात थबकला तेथे ती गडद झाली आहे, आणि एक रेषा दुसरीला छेदते त्या ठिकाणी वरची कोणती व खालची कोणती हे ओळखता येते. कागद तिरप्या उजेडात धरल्यावर निबाचा हलका दाबही दिसतो. ही स्वाक्षरी हाताने, झरणीने आणि याच पानावर केलेली आहे, याविषयी मला आता शंका नाही.

हे काम करताना एक विचार मनातून जात नव्हता आणि तो नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. १ डिसेंबर १९४५ रोजी, नौदल दिनी, ‘तलवार’ तळ मुंबईच्या नागरिकांना दाखवण्यासाठी सजवायचा होता. त्या सकाळी तळाच्या भिंतींवर ‘चले जाव’ आणि ‘आता बंड करा’ अशा अर्थाच्या इंग्रजी घोषणा रंगवलेल्या आढळल्या. त्या कोणी लिहिल्या हे अधिकाऱ्यांना कळले नाही. पुढे सरसेनापती ऑकिनलेक तळाला भेट देणार होते, तेव्हा ज्या चौथऱ्यावरून ते मानवंदना स्वीकारणार त्याच्यावरही घोषणा उमटल्या आणि २ फेब्रुवारी १९४६ रोजी दत्त पकडले गेले. म्हणजे या माणसाचे आयुष्यातील सर्वांत परिणामकारक लेखन निनावी होते. ते रात्री, पहारा चुकवून, भिंतीवर झाले, आणि त्याच्याखाली नाव असते तर त्याच रात्री सर्व संपले असते. त्याच हाताने पुढे पंचवीस वर्षांनी स्वतंत्र देशात, उघडपणे, आपल्या नावाने या पानावर सही केली आहे. एरवी लेखकाची सही म्हणजे वाचकाला दिलेली आठवण असते. या पुस्तकावरील सहीला मी साक्षीदाराने आपल्या जबानीखाली केलेल्या सहीचे मोल देतो, आणि म्हणूनच ती तपासताना कोणतीही घाई करायची नाही असे मी ठरवले आहे.

३ फेब्रुवारी २०२५

देणगीदार ताई आज वाचनालयात आल्या. पुस्तक त्यांच्या वडिलांकडे कसे आले हे त्यांच्याकडून लेखी घेतले. शिक्षकाची नोकरी लागण्यापूर्वी त्यांचे वडील मुंबईत एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. तेथे असतानाच त्यांनी हे पुस्तक विकत घेतले आणि लेखकाला समक्ष भेटून त्यावर सही घेतली. दत्त यांनी नौदलातून बडतर्फ झाल्यानंतर मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकारिता केली होती, त्यामुळे छापखान्याच्या वर्तुळात वावरणाऱ्या तरुणाला ते भेटले असावेत, यात अशक्य काही नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या हस्ताक्षरात खरेदीची तारीख पेन्सिलीने लिहिलेली आहे. ते हस्ताक्षर त्यांच्या इतर पुस्तकांवरील नोंदींशी जुळते.

जाताना ताई म्हणाल्या, “भाऊ, बाबांनी हे पुस्तक कधी कोणाला घरी नेऊ दिलं नाही, पण ओट्यावर बसून वाचायला मात्र कोणालाही दिलं. तुम्हीपण कपाटात कोंडून ठेवू नका.” मी त्यांना तसे वचन दिले आहे.

१० फेब्रुवारी २०२५

मुंबईतील एका संग्राहकांकडे दत्त यांच्या स्वाक्षरीची दुसरी प्रत आहे. त्यांनी पाठवलेल्या छायाचित्राशी आमची स्वाक्षरी ताडून पाहिली. आद्याक्षरांची जोडणी, आडनावातील शेवटच्या दोन अक्षरांवरील आडवी रेघ एकाच ओघात ओढण्याची लकब आणि एकूण उतार या तिन्ही बाबी जुळतात. नोंदपत्रावर ‘लेखकाची स्वाक्षरी’ असे लिहिण्यास आता हरकत नाही.

१८ फेब्रुवारी २०२५

१९४६ साली याच तारखेला, सोमवारी सकाळी, ‘तलवार’वरील नाविकांनी न्याहारी नाकारली आणि कामावर जाण्यास नकार दिला. त्यानिमित्त आज सायंकाळी वाचनालयात पुस्तक काचेखाली ठेवून त्यातील घटनाक्रम मराठीतून सांगितला. अपेक्षेपेक्षा अधिक लोक आले, त्यात महाविद्यालयीन मुले बरीच होती.

आपल्या भागात स्वातंत्र्यलढ्याची आठवण क्षीण झालेली नाही. १९३६ चे फैजपूरचे अधिवेशन, ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला गोळीबारात पडलेला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती, १९४४ मधील चिमठाण्याची खजिना लूट, या गोष्टी येथे घराघरांत माहीत आहेत. १९४६ चे नाविकांचे बंड मात्र आलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. समुद्र आपल्यापासून दूर आहे हे त्याचे एक कारण असेल. मला मोठे कारण असे वाटते की या बंडाला पुढे कोणत्याही मोठ्या पक्षाने आपले म्हटले नाही, आणि ज्याला कोणी आपले म्हणत नाही त्याच्या जयंत्या होत नाहीत.

म्हणून सांगताना मी अन्नापासून सुरुवात केली. निकृष्ट जेवण, गोऱ्या नाविकांच्या मानाने अपुरे वेतन आणि सोयी, युद्ध संपल्यावर सेवामुक्तीनंतरची बेकारीची धास्ती, ही असंतोषाची जमीन होती. त्यावर ‘तलवार’चे प्रमुख कमांडर किंग यांनी नाविकांना उद्देशून वापरलेल्या अपमानास्पद शिव्यांनी भर घातली, आणि नाविकांनी रीतसर केलेल्या तक्रारीची दखल घेतली गेली नाही. पण मागण्या केवळ जेवणाच्या राहिल्या नाहीत, हे मुलांना मुद्दाम सांगितले. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका करावी आणि इंडोनेशियात पाठवलेले भारतीय सैन्य परत आणावे, या मागण्याही त्या यादीत होत्या. स्वतःच्या पोटाचा प्रश्न घेऊन उभी राहिलेली विशी-बाविशीची मुले दुसऱ्या एका गुलाम देशावर आपल्या बंदुका रोखल्या जाऊ नयेत असे म्हणत होती. या पुस्तकातील प्रसंगांपैकी मला हा सर्वांत उंच वाटतो.

१९ तारखेला बंड बंदरातील जहाजांवर पसरले. मध्यवर्ती संप समिती निवडली गेली, अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. मुसलमान अध्यक्ष आणि शीख उपाध्यक्ष ही निवड कोणी वरून ठरवलेली नव्हती. जहाजांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि कम्युनिस्टांचा असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. २१ तारखेला कॅसल बराकीत गोळीबार झाला, आणि नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्री यांनी आकाशवाणीवरून बजावले की प्रसंगी संपूर्ण नौदल नष्ट झाले तरी चालेल, पण शरणागती घेतल्याशिवाय सरकार राहणार नाही. त्याच काळात मुंबईचे सामान्य लोक गेटवे ऑफ इंडियाशी येऊन नाविकांच्या होड्यांमध्ये खाण्याचे पदार्थ भरत होते. हे ऐकताना मागच्या बाकावरील एक आजी आपल्याशीच म्हणाल्या, “पोरं उपाशी व्हतीस ना.” त्यानंतर सभागृहात कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

कार्यक्रमानंतर एका मुलाने काचेजवळ येऊन, “याले हात लावू का?” असे विचारले. हात धुऊन व पुसून त्याला पाने उलटू दिली. पांढऱ्या हातमोज्यांचा आग्रह आम्ही धरत नाही, कारण मोज्यांमुळे बोटांना कागदाची जाण राहत नाही आणि जुन्या पानांच्या कडा फाटण्याचा संभव वाढतो.

९ मार्च २०२५

पुस्तकाच्या अवस्थेची तपशीलवार नोंद केली. पाने पिवळी पडली आहेत, कडांवर तपकिरी ठिपके आहेत, कण्याच्या तळाशी कसर लागल्याची जुनी खूण आहे. जिवंत कीड आढळली नाही. छापील वेष्टण खाकी कागदाखाली असल्यामुळे त्याचे रंग टिकले आहेत, पण एका चिरेवर कोणे एके काळी चिकटपट्टी लावलेली आहे. तिचा डिंक सुकून कागदात उतरला आहे. ती ओढून काढण्याचा मोह टाळायला हवा. हे काम प्रशिक्षित जतनकाराचेच आहे. तोपर्यंत वेष्टण पारदर्शक पॉलिएस्टरच्या आवरणात ठेवले आहे. लॅमिनेशन करू नये, हे नव्या कर्मचाऱ्यांना पुन्हा सांगितले, कारण त्यात उष्णतेने चिकटवलेला थर कागदाची हानी न होता परत काढता येत नाही.

२२ एप्रिल २०२५

दुपारी बाहेर चव्वेचाळीस अंशांच्या आसपास तापमान आहे. खान्देशच्या उन्हाळ्यात कागदाला उष्णतेइतकाच कोरडेपणा जाचतो. पाने ठिसूळ होतात, पुठ्ठे बाक घेतात आणि कण्याचा जुना सरस तडकतो. आमच्या वाचनकक्षात कूलर असतो. तो वाचकांसाठी आवश्यक आहे, परंतु त्याच्या झोतात असलेल्या कपाटातील पुस्तके दिवसा दमट आणि रात्री कूलर बंद झाल्यावर पुन्हा कोरडी होतात, आणि हा रोजचा चढउतार स्थिर उष्णतेपेक्षा अधिक घातक ठरतो. आर्द्रतामापकाच्या आकड्यांत तो स्पष्ट दिसला. दुर्मिळ पुस्तकांचे लोखंडी कपाट आज उत्तरेकडील आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून हलवले. डांबरगोळ्या काढून टाकल्या. त्यांची वाफ वाचकांनाही बाधते आणि कागदालाही तिचा लाभ नाही. त्यापेक्षा कपाटाची नियमित झाडलोट आणि पाहणी अधिक उपयोगी पडते.

१४ मे २०२५

पुस्तक स्कॅन करून सर्वांसाठी खुले करावे अशी सूचना काही तरुण सभासदांनी मनापासून केली आहे. त्यांची तळमळ मला मान्य आहे, पण भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ नुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे प्रताधिकार टिकतो, त्यामुळे संपूर्ण पुस्तक सर्वांना उपलब्ध करून देता येणार नाही. मात्र कायद्याच्या बावन्नाव्या कलमात अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सवलत आहे. ग्रंथालयाकडे मूळ छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत साठवता येते, आणि पुस्तक भारतात विक्रीस उपलब्ध नसेल तर ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. आम्ही पहिल्या सवलतीचा उपयोग करणार आहोत. पुस्तक पूर्ण सपाट उघडण्याचा अट्टहास न करता, दोन्ही बाजूंना आधार देऊन नव्वद अंशांच्या आसपास उघडे ठेवून वरून छायाचित्रे घेतली जातील, म्हणजे कण्यावर ताण येणार नाही.

२० जून २०२५

पाऊस सुरू झाला. आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी पुस्तकाच्या मापाने तयार करून घेतली. स्वाक्षरीच्या पानासमोर आम्लरहित पातळ कागद ठेवला, म्हणजे शाईचा ठसा समोरच्या बाजूवर उमटणार नाही. छायाचित्रणही पूर्ण झाले.

८ जुलै २०२५

इंग्रजी न वाचणाऱ्या सभासदांसाठी मराठी परिचयपत्रक लिहून काढले. पुस्तकाचा अनुवाद करण्याचा अधिकार आम्हाला नाही, म्हणून पत्रक स्वतंत्रपणे लिहिले आहे आणि त्यात केवळ सर्वमान्य घटना आहेत. बंडाच्या विस्ताराविषयी सामान्यतः दिले जाणारे आकडे, म्हणजे ७८ जहाजे, २० किनारी तळ आणि सुमारे २०,००० नाविक, तेवढे घेतले. मुंबई, कराची, मद्रास, विशाखापट्टणम, कोलकाता ही बंदरे नकाशावर दाखवली.

सर्वांत अधिक वेळ शेवटच्या दोन दिवसांच्या परिच्छेदावर गेला. २२ फेब्रुवारीला कम्युनिस्ट पक्षाच्या हाकेवरून मुंबई बंद झाली. गिरण्यांचे कामगार रस्त्यावर आले, लष्कराने गोळीबार केला, परळ भागात कमल दोंदे मारल्या गेल्या, आणि दोन दिवसांत दोनशेहून अधिक नागरिक प्राणास मुकले. अरुणा असफ अली नाविकांच्या बाजूने उभ्या राहिल्या. सरदार पटेलांनी नाविकांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि सूडबुद्धीने कारवाई होऊ नये यासाठी काँग्रेस प्रयत्न करील असे आश्वासन दिले. २३ तारखेच्या पहाटे जहाजांवर शरणागतीचे काळे झेंडे चढले. त्यानंतर अटका झाल्या, शेकडो नाविक बडतर्फ झाले, आणि स्वतंत्र भारताच्या नौदलातही त्यांना परत घेतले गेले नाही.

पत्रकात पटेलांवर दोषारोप करणारे एक वाक्य एका सहकाऱ्याने सुचवले होते. ते मी घेतले नाही. सत्तांतराची बोलणी अगदी दाराशी आली होती. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी १९ फेब्रुवारीलाच कॅबिनेट मिशनची घोषणा केली होती. उद्या जे सैन्य आपले होणार त्याची शिस्त आज मोडू देऊ नये, हा पटेलांचा विचार समजून घेण्यासारखा आहे. परंतु दिलेले आश्वासन पाळले गेले नाही आणि सत्ता हाती आल्यावरही या मुलांना त्यांची नोकरी मिळाली नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि ते पत्रकात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय दत्त यांनी हे पुस्तक का लिहिले असेल हे वाचकाला कळणार नाही.

३० जुलै २०२५

दाखल नोंदवहीत अंतिम नोंद केली. वर्गांक भारताच्या इतिहासातील ब्रिटिश कालखंडाचा, ९५४.०३, असा दिला. शेऱ्याच्या रकान्यात पुढीलप्रमाणे लिहिले आहे : प्रथमावृत्ती, १९७१, आरंभीच्या कोऱ्या पानावर लेखकाची शाईची स्वाक्षरी, दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहिलेली, शेवटच्या पानावर पूर्वीच्या मालकांची पेन्सिलीची नोंद, मूळ वेष्टण उपलब्ध, चिकटपट्टी लावलेली, शिक्का स्वतंत्र पट्टीवर, पुस्तकावर नाही.

पुस्तकाचे आर्थिक मूल्य काढून विमा उतरवावा असा मुद्दा कार्यकारिणीत निघाला. विम्याला माझा पाठिंबा आहे. विक्रीचा विचार मात्र कधीही होऊ नये, असा ठराव मी मांडला व तो एकमताने संमत झाला. पुस्तक घरी देण्यात येणार नाही. वाचनालयाच्या वेळेत, कर्मचाऱ्याच्या उपस्थितीत, कोणत्याही सभासदास आणि ओळखपत्र दाखवणाऱ्या कोणत्याही बाहेरगावच्या वाचकास बसून वाचता येईल. त्यासाठी शुल्क नाही. पहिला अर्ज यावल तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा आला असून तिला कराचीच्या ‘हिंदुस्तान’ जहाजावरील लढाईचा भाग वाचायचा आहे. तिला शनिवारी सकाळची वेळ दिली आहे, आणि टिपणे पेन्सिलीने घ्यावीत असे कळवले आहे.